निवारा आणि आसरा

उघड्यावरच्या मुक्कामासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो: निवारा आणि आसरा. निवारा हा निवारणाच्या कुळातला शब्द. ऊन, वारा, पाऊस, श्वापद यांचे निवारण करतो तो निवारा. तो काय बाहेर ठेवतो यावरून त्याची ओळख ठरते. आसरा हा आश्रयाच्या कुळातला. ज्याच्यापाशी जायचे, ज्याच्यावर विसंबायचे, तो आसरा. तो कोणाला आत घेतो यावरून त्याची ओळख ठरते. हा भेद वर्गात फळ्यावर लिहून दाखवणे सोपे आहे. रानात रात्र काढायची वेळ आली, की त्याचा खरा अर्थ उमगू लागतो.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली अठरा-एकोणीस वर्षे मुलामुलींना घेऊन सह्याद्रीत हिंडतो. अलीकडे महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाला थोडी रक्कम मिळाली. तिचे काय करावे अशी चर्चा निघाली तेव्हा आम्ही तंबूंची मागणी पुढे केली. बैठकीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "गडांवर गुहा आहेत, देवळे आहेत. तंबू कशाला हवेत?" प्रश्न रास्त होता. बैठकीच्या घाईत त्याला पुरेसे उत्तर देणे शक्य नव्हते; ते येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

सुरुवात गुहेपासून करणे भाग आहे, कारण सह्याद्रीचा सर्वांत जुना निवारा तोच. निसर्गाने जितक्या गुहा दिल्या त्यांहून कितीतरी अधिक माणसांनी या कातळात कोरल्या. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढावेत असा दंडक होता आणि भाजे, कार्ले, जुन्नर, कान्हेरी येथील विहारांमागे तो उभा आहे. या विहारांतल्या खोल्यांत निजण्यासाठी कातळातच ओटे कोरलेले दिसतात. जुन्या शिलालेखांत अशा कोरीव निवाऱ्यासाठी 'लेण' हा शब्द येतो आणि त्याच्याशेजारी बहुधा 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद असते. निवारा आणि पाणी ही जोडी तेव्हाही सुटी नव्हती. नाणेघाटातले लेणे तर भिक्षूंपेक्षा प्रवाशांच्या अधिक जवळचे. कोकणातून चढून आलेला वाटसरू घाटमाथ्यावर पोहोचतो तेथेच ते आहे. सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्याच्या भिंतींवर आहे. राजकुळातल्या व्यक्तींचे पुतळेही तेथे होते. ते पुतळे आज नाहीत. त्यांच्या नावांच्या ओळी आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन हजार वर्षे लोक तेथे थांबले, विसावले आणि पुढे गेले. निवाऱ्याने माणसांची एवढीच आठवण ठेवावी, हे आम्हांला फार योग्य वाटते.

गुहेचे गुण मोठे आहेत. कातळ दिवसा लवकर तापत नाही आणि रात्री लवकर निवत नाही. म्हणून डिसेंबरात बाहेर दात वाजत असतानाही आत थंडी सोसवते. वारा मागे राहतो. पाऊस पडद्यासारखा समोर कोसळत असतो आणि आपण कोरडे असतो. ज्यांनी हरिश्चंद्रगडावर, सुमारे 1,400 मीटर उंचीवर, देवळाजवळच्या किंवा तारामती शिखराच्या बाजूच्या गुहांत पूर्वी कधी रात्र काढली असेल, त्यांना हे सुख सांगावे लागणार नाही. चांगदेवांनी 'तत्त्वसार' याच गडावर लिहिला असे परंपरा सांगते. ग्रंथ लिहिण्याजोगी शांतता त्या दगडात आहे, याची साक्ष आम्हीही देऊ.

मात्र गुहा कधी रिकामी नसते. छताला वटवाघळे असतात, कडेला आग्या मोहोळ असते. खाली चूल पेटवली आणि धूर वर गेला की त्या माशा उठतात आणि मग पळायला वाट नसते. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या तर गुहेच्या तोंडाशी बसू नये हे जुने लोक सांगतात आणि ते शास्त्राला धरून आहे. जमिनीवर गुरांचे शेण असते, कारण पावसाळ्यात गुराखी आपली जनावरे तेथेच बांधतो. म्हणजे आपण ज्याला रानातला निवारा म्हणतो तो कोणाचा तरी गोठा असतो, कोणाचे तरी पोळे असते, आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोणाचा तरी मठ असतो. यांतल्या अनेक लेण्यांना आज पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण आहे आणि तेथे मुक्काम करू नये हेच योग्य आहे. ज्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरे आहेत त्या भिंतीखाली मॅगीचे पातेले ठेवणाऱ्यांशी आम्ही पूर्वी पुष्कळदा वाद घातले आहेत. आता तेथे मुक्काम टाळणे हाच आमचा त्यांना जबाब.

दुसरा पर्याय देवळाचा. राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात दुर्गयात्रींच्या किती पिढ्यांनी पथाऱ्या पसरल्या याची मोजदाद नाही. देऊळ हा मराठी माणसाचा पहिला आसरा. वारीच्या वाटेवर, जत्रेत, पुरात आपण देवळाकडे धावतो. तेथे भाडे नाही, चौकशी नाही. सकाळी झाडून घ्यावे, टाक्यातले पाणी भरून ठेवावे, देवापुढे दिवा लावावा आणि निघावे, एवढाच व्यवहार. या व्यवहाराइतका सभ्य व्यवहार आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

तरीही एका रात्रीचा अनुभव येथे नोंदवला पाहिजे. 2016 सालच्या डिसेंबरात आम्ही वीस-बावीस मुलामुलींसह एका गडावरच्या देवळात मुक्कामाला होतो. जेवणे झाली, सभामंडपात पथाऱ्या पडल्या, आणि एका मुलीने आपले अंथरूण उचलून बाहेरच्या ओट्यावर नेले. वारा बोचरा होता. आमच्यापैकी एकीने बाहेर जाऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला तारे बघायचेत." थोड्या वेळाने तिची एक मैत्रीण, मग दुसरी, काही न बोलता आपापली अंथरुणे घेऊन तिच्याशेजारी येऊन निजल्या. मग आमच्यापैकी एकीनेही आपले अंथरूण तिकडेच नेले. कोणी कोणाला काही विचारले नाही. विचारायची गरज कोणालाच नव्हती. देवळाच्या दारावर तसला नियम लिहिलेला नव्हता. पुजारी तर रात्री गडावर राहतही नसे. ती मुलगी तो नियम आपल्याबरोबर घरूनच घेऊन आली होती आणि त्याचे पालन करताना कोणाला अवघड वाटू नये म्हणून तिने ताऱ्यांची सबब काढली होती. त्या रात्री आसरा या शब्दाचे दुसरे टोक दिसले. जो आत घेतो, त्याच्यापाशी कोणाला आत घ्यायचे नाही याचीही यादी असते. ती वाचून दाखवावी लागत नाही, इतकेच.

तिसरा पर्याय म्हणजे काहीही न घेणे. उघड्यावर, आभाळाखाली निजणे. साहित्यात याचे कौतुक फार आहे आणि मार्चच्या एखाद्या रात्री ते खरेही वाटते. परंतु याची विद्या अवगत असलेले खरे लोक धनगर. पाऊस सरला की मेंढरांचे कळप घेऊन, घोड्यांवर संसार लादून त्यांच्यातली कित्येक कुटुंबे कोकणात उतरतात. ज्याच्या शेतात मेंढरे बसवायची त्याच्याकडून खताच्या मोबदल्यात धान्य घेतात आणि घोंगडीवर उघड्यावर निजतात. घोंगडी ही साधी वस्तू नव्हे. लोकर ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही. तीच अंथरता येते, पांघरता येते, पावसात डोक्यावरून खोळ करून घेता येते.

त्यांच्याकडून आणि पुस्तकांतून मिळून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. दरीच्या अगदी तळाशी मुक्काम करू नये; थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते. थोडे वर, सपाटीच्या कडेला, ऊब अधिक असते. दव टाळायचे तर झाडाखाली निजावे, कारण उघड्या आभाळाकडे जमीन आपली उष्णता सोडत राहते आणि झाडाचा पसारा ती थोडी अडवून धरतो. मात्र आधी वर पाहून वाळक्या फांद्या नाहीत ना याची खात्री करावी. कोरड्या ओढ्याची वाळू कितीही मऊ वाटली तरी तेथे अंथरूण टाकू नये. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर खाली पाणी न कळवता येते. अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा अंगाखाली एक अधिक घ्यावे, कारण थंडी मुख्यतः जमिनीतून चढते. आणि पाणवठ्याला अगदी लागून निजू नये. गावोगावचे लोक यासाठी साती आसरांचे भय घालतात. या आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांचे नाव अप्सरांशी जोडले जाते, आश्रयाशी नव्हे. रात्री पाण्यावर जनावरे येतात आणि त्यांची वाट आपण अडवू नये, हेच शहाणपण त्या भयात सांभाळून ठेवले आहे असे आम्हांला वाटते.

उघड्यावरच्या मुक्कामाची खरी अडचण आभाळाकडून येत नाही, जमिनीकडून येते. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती चावते तेव्हा पुष्कळदा वेदनाही होत नाही. पहाटे पोटात कळा येऊ लागतात आणि तोवर वेळ गेलेला असतो. शेतावर राखणीला निजणाऱ्यांचे असे मृत्यू आमच्या भागाला नवे नाहीत. कोकणाच्या बाजूला दगडांत फुरसे असते. विंचू तर बुटातच बिऱ्हाड करतो. म्हण त्याचे बिऱ्हाड त्याच्याच पाठीवर असल्याचे सांगते, पण संधी मिळाली तर तो आपलेही वापरतो. शेतकऱ्याने मचाण उंच बांधले ते केवळ पाखरे दिसावीत म्हणून नव्हे.

येथे तंबूचा विचार सुरू होतो. तंबूविषयी मराठी मनात थोडी अढी आहे. आपल्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध शामियाना 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी उभा होता आणि त्यात काय घडले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. डेरा, शामियाना, कनात या शब्दांना दरबारी वास येतो, राहुटीला लष्करी, आणि पाल म्हटले की जत्रेतला दुकानदार किंवा गावकुसाबाहेर उतरलेली भटकी माणसे आठवतात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली आले तेव्हा पाठीवरच्या बिऱ्हाडाचा अर्थ मराठी वाचकाला प्रथमच आतून कळला. आपण शिकवताना त्याला भटक्यांच्या जीवनाचे चित्रण म्हणतो आणि त्याच आठवड्यात मुलांना गडावर नेऊन भटकंतीचा आनंद घेतो. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांत किती अंतर आहे, यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा.

तंबूचे मुख्य काम छप्पर देणे, असा सर्वसाधारण समज असतो. आमच्या मते त्याची खरी देणगी म्हणजे भिंतींना शिवलेला तळ. गुहा छप्पर देते, देऊळ छप्पर देते, पण सरपटणाऱ्याला अडवणारी सलग जमीन फक्त तंबू देतो. त्यासाठी साखळी मात्र शेवटपर्यंत लावलेली हवी. बाकीच्या गोष्टी विकत घेताना पाहायच्या त्या अशा: आतले जाळीचे कापड आणि बाहेरचे पावसाचे कापड वेगळे असावे, कारण रात्रभरच्या श्वासाची वाफ बाहेर पडली नाही तर पहाटे आतूनच थेंब गळू लागतात आणि नवखा माणूस तंबू गळतो म्हणून दुकानदाराला दोष देतो. कमानीच्या काड्या शक्यतो ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात. फायबरग्लासच्या स्वस्त असतात, पण वाऱ्यात चिरतात. आपल्याकडच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि खाली सरळ कातळ, त्यामुळे मेखा ठोकून उभा राहणारा तंबू कामाचा नाही. आपल्या कमानींवर स्वतः उभा राहील असाच हवा, म्हणजे दोर दगडांना बांधता येतात. थंडी कितीही असली तरी आत शेगडी किंवा निखारे नेऊ नयेत. बंद जागेतला तो धूररहित वायू झोपेतच माणूस नेतो. आणि कड्याच्या टोकावर तंबू लावू नये, मग छायाचित्र कितीही चांगले येवो. कोकणकड्यावर खालून वर उसळणारा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला याचे कारण विचारावे.

तंबूचे दोषही आहेत. तो कोठेही लावता येतो, हाच पहिला दोष. ज्या सड्यावर पावसाळ्यानंतर फुले येतात त्याच सड्यावर हिवाळ्यात तंबूंच्या रांगा लागतात आणि पुढच्या वर्षीचे कंद पायांखाली जातात. हरिश्चंद्रगडाचा परिसर 1986 पासून अभयारण्यात आहे. अशा ठिकाणी वनखात्याची परवानगी आणि त्याने दाखवलेली जागा, एवढेच आपले. दुसरा दोष असा, की कापडाची पातळ भिंत मनाला खोटा धीर देते. आत दिवा लागला की बाहेरचे रान दिसेनासे होते आणि आपण घरीच असल्यासारखे मोठ्याने बोलू लागतो.

आता ज्या प्रसंगामुळे आमचे मत पक्के झाले तो. मागच्या हिवाळ्यात एका संस्थेकडून दोन तंबू भाड्याने आणून महाविद्यालयाच्या मैदानावर मुलांना ते उभारायला शिकवत होतो. प्रथम वर्षाचा एक मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. घरचे लोक ऊसतोडीला जाणारे; दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघायचे ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. आजीकडे राहून शाळा शिकू लागण्याआधीचे त्याचे हिवाळे कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेले होते. ज्यांनी कोपी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर बांबूच्या काठ्या वाकवून, वर चटई आणि ताडपत्री टाकून उभारलेले ते खोपट; आत उभे राहता येईलच असे नाही.

आमची जागेची निवड चालली होती. त्याने काही वेळ ऐकले, मग पुढे येऊन त्या जागेवर सरळ आडवा झाला. एकदा या बाजूला डोके करून, एकदा त्या. उठून म्हणाला, "सर, आधी निजून बघायचं. उतार डोळ्याला कळत नाही, पाठीला कळतो." पोरे हसली, पण तंबू त्याने सांगितला तसाच वळवला गेला. तोंड वाऱ्याकडे नको हे त्याने ओंजळभर माती उडवून दाखवले. भोवती चर का खणत नाही असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की रानात जमीन उकरू नये असा संकेत आहे. तो म्हणाला, "तुमचं एका रात्रीचं असतं. आमचं पाच महिन्यांचं असायचं." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, दोन बांधकामांतला फरक तो तांत्रिक काटेकोरपणे सांगत होता.

मग त्याने तंबूची साखळी हातात घेतली. खालपासून वरपर्यंत लावली, उघडली, पुन्हा आत जाऊन आतून लावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "हे बरंय. आतून लावता येतं. कोपीला दार नसतं, सर. आई साडी बांधायची."

पुढे तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही. ऊसतोडीच्या तळावर दार नसण्याचा अर्थ बायकांना काय असतो, यावर अहवाल निघाले आहेत; ते वर्गात वाचण्याची सोय आहे. पण त्या क्षणी आमच्यापैकी एकीला देवळाच्या ओट्यावरची रात्र आठवली. निवारा निवडताना आपण वारा पाहतो, पाऊस पाहतो, साप-विंचू पाहतो. त्याचे दार कोणाच्या हातात आहे, हे मात्र पाहत नाही. गुहेला दार नाही. देवळाला आहे, पण ते आपल्या हातात नाही. उघड्यावर निजण्याचे धैर्य बहुधा त्यालाच परवडते ज्याला रात्री जाग आली तर फक्त जनावराचीच भीती वाटते. शिबिरासाठी परवानगी मागायला आम्ही मुलींच्या घरी जातो तेव्हा आईचा पहिला प्रश्न बिबट्याचा नसतो. "निजायचं कुठं? आणि आणखी कोण असतं तिथं?" हा असतो. गडावरची गुहा सर्वांना मोकळी असते, म्हणजे रात्री अकराला बाटल्या घेऊन चढून आलेल्या टोळक्यालाही मोकळी असते.

तेव्हा सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. गुहा लेण्यांच्या, वटवाघळांच्या आणि गुराख्यांच्या राहू द्याव्यात. देवळात जावे, झाडावे, दिवा लावावा. मुक्काम ज्याला मोकळेपणाने करता येईल त्याने करावा. मंडळासाठी मात्र तिघांना पुरतील असे तंबू घ्यावेत, कारण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जो निवारा स्वतःच्या हाताने आतून लावता येतो आणि स्वतःच्या हाताने उघडता येतो, तसा आमच्या परिसरात तिला दुसरा कोठे मिळतो हे आम्हांला पाहून सांगावे लागेल. तिने पहाटे साखळी उघडून, कोणतीही सबब न काढता, तारे पाहावेत.

मागणीपत्रात आम्ही सहा तंबू लिहिले आहेत, सहा अंथरायच्या ताडपत्र्या आणि दोराची दोन बंडले. उभारणी शिकवण्याचे काम त्या मुलाने पत्करले आहे. पहिल्या दिवशी सर्वांनी जमिनीवर आडवे होऊन पाहायचे, अशी त्याची अट आहे, प्राध्यापकांनीसुद्धा.